सुभेदाराला धूप

“धरा! अरं धरा! सुभेदार शिंकतोय!”

आबा ओसरीवरून ओरडले आणि आम्ही तिघांनी एकदमच उडी टाकली. मी पुढून, आमच्या कारभारणीनं मागून आणि आबांनी (ते माझे वडील, म्हणून मानानं) मधून. सुभेदाराचं पोट सहा हातांनी गच्च आवळलं. सुभेदारानं डोळे मिटले, नाक आढ्याकडं केलं, कान मागं टाकले. आम्ही श्वास कोंडला. आणि मग अशी शिंक आली, की चुलीवरचं झाकण घसरलं आणि शेजारच्या गोठ्यात बसलेली म्हैस उठून उभी राहिली!

“टाकं मोजा!” आबा ओरडले.

“एक… दोन… तीन…” मी सुरुवात केली.

“अकरा,” कारभारीण म्हणाली. मी तिसऱ्यावर असेतो तिचं मोजून झालेलं असे.

सुभेदार हा आमचा कुत्रा होता.

हे आधीच सांगून टाकतो, कारण ते दिवस निजामाचे. खरा सुभेदार म्हणजे लई मोठा हाकीम. त्याचं नुसतं नाव निघालं तरी तहसीलदार पागोटं सावरत. आमच्या सुभेदाराच्या पोटाला अकरा टाके घातलेले होते, प्रत्येक शिंकेला ते उसवायचा धोका होता, आणि ती शिंक ज्या धुरानं येई तो धूर मी स्वतः, माझ्या हातानं, दिवसातून दोनदा त्याच्या नाकाखाली घालत होतो. कावून? तेच सांगायला बसलोय.

लग्न होऊन कारभारीण दिंद्रुडहून आमच्या वाडीला आली, तेव्हा गाडीत ती, तिच्या मांडीवर तिची पेटी आणि गाडीखाली, आसाच्या सावलीनं चालत, हा सुभेदार. (वाडी तेलगावापासून कोसभर. नाव सांगत नाही. मला अजून तिथं तोंड दाखवायचं आहे.) कुत्रा वासराएवढा. मागच्या पायांवर उभा राहिला की आबांच्या खांद्यांवर पंजे ठेवून त्यांच्या पागोट्याचा वास घ्यायचा. काम म्हणून कधी केलं नाही; पण तो आला की सगळे उठून उभे राहात, म्हणून माझ्या सासऱ्यांनी त्याचं नाव सुभेदार ठेवलं.

दारात माप मांडलेलं, बायकांनी वाट अडवलेली. “नाव घे! नाव घेतल्याबिगर आत सोडत न्हाई!” असा गलका चाललेला. नव्या नवरीनं मान वर केली आणि आमच्या घरातलं तिचं पहिलं वाक्य उच्चारलं:

“कुत्र्याला पानी पाजा.”

तेव्हापासून तिचा खर्च तेवढाच. दिवसाला दहा-बारा शब्द, त्यातले आठ सुभेदाराशी.

माझं बरोबर उलटं. मी बोलायला लागलो की सूर्य कंटाळून मावळायचा. शिवाय मला उर्दू येत होतं! म्हणजे असं, की आबांनी मला पाटोद्याला मामाकडे ठेवून उर्दू शिकायला घातलं होतं, आणि मी एकाच जमातीत, म्हणजे इयत्तेत, तीन वर्षं इतक्या निष्ठेनं बसलो होतो, की शेवटी मौलवीसाहेबांनी हात जोडून मला घरी पाठवलं. पण आमच्या वाडीत एकही मुसलमानाचं घर नव्हतं, आणि उर्दूचा दुसरा जाणकार कोसभरात नव्हता. गाव मला ‘मुनशी’ म्हणे. सरकारी कागद आला की पारावर मला उंच बसवत, आणि मी घसा खाकरून वाचून दाखवी. एकदा असाच एक कागद आला. त्यात मला ‘तहसीलदार’ आणि ‘तारीख’ एवढे दोन शब्द लागले. तहसीलदार आणि तारीख! उघडच होतं: लग्नाचं आवतण! सगळी वाडी नवी धोतरं नेसून, हळदीकुंकू घेऊन तालुक्याला गेलती. तिथं मांडव नाही, वाजंत्री नाही. मी कचेरीत आत जाऊन आलो आणि बाहेर येऊन सांगितलं, “लगीन पुढं ढकललंय.” लोक म्हणाले, “बरं झालं मुनशी संगं व्हता, न्हाईतर कळलं बी नसतं!”

अशी माझी कीर्ती. ती पुढं काय करणार आहे, हे ध्यानात ठेवा.

त्या साली मार्गशीर्षाच्या तोंडाशी ज्वारीत रानडुक्कर शिरलं. मी राखणीला गेलतो. डुक्कर केवढं म्हणाल, तर आधी त्याची सावली आली आणि बऱ्याच वेळानं ते आलं! मी अत्यंत धीरानं माळ्यावर चढलो. (माळा म्हणजे पिकात चार खांबांवर बांधलेली राखणीची माची. तिची शिडी मी चढताना मोडली, एवढा माझा धीर.) वरून मी सुभेदाराला हुकूम देत होतो, “ह्याऽऽ! धर बे! डावीकडून!” आणि खाली सुभेदार एकटा झुंजत होता. डुक्कर पळालं. पण जाता जाता त्याचा सुळा सुभेदाराच्या पोटाला लागला आणि वीतभर कातडं उघडं पडलं.

घरी आणलं. कारभारणीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. रडली नाही. माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली,

“तुमच्यापायी घेतलाय ह्यो घाव त्यानं. ह्यो गेला तर मी बी दिंद्रुडला गेले. परत यायची न्हाई.”

एका दमात एवढे शब्द! आबा घाबरून उठून बसले. “रंगू,” ते मला म्हणाले, “सुनबाई येवढं बोलली म्हंजी मनातच धरलंय बग तिनं. कायतरी कर बे!”

तेलगावच्या बाजाराला सरकारी सलोतरी, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, आला होता. मी तडक दौत-टाक घेतला आणि अस्सल उर्दूत चिठ्ठी लिहिली: ‘सुभेदार सख्त जखमी. डुक्कर ने मारा. फौरन आओ.’ डुकराला उर्दूत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून ‘डुक्कर’च उर्दू अक्षरात घातलं. माझं अक्षर असं, की सलोतरीसाहेबांनी ते ‘डाकू’ वाचलं.

आता त्यांच्या जागी बसून बघा. सुभेदार सख्त जखमी! डाकूने मारा! फौरन आओ! साहेब अंगात शेरवानी घालून, लाल तुर्की टोपी डोक्यावर दाबून, तट्टावर बसून असे आले, की तट्टू दारात थांबलं तरी साहेब थरथरतच होते.

“कहाँ हैं सुभेदार साहब?” त्यांनी विचारलं. “देखो भई, मैं जानवरों का डाक्टर हूँ. मगर हुक्म है तो…”

मी ओसरीवर बोट दाखवलं. सुभेदारानं पडल्या पडल्या शेपूट हलवलं.

साहेबांनी कुत्र्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. चिठ्ठीकडं पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि असे हसले, असे हसले, की त्यांचा जीव पुन्हा त्यांना मिळाल्याचं कुणालाही कळलं असतं! त्या आनंदात त्यांनी शेरवानीच्या बाह्या सारल्या आणि कुत्र्याचं ऑपरेशन करायला मांडी घालून बसले. निंबाचा पाला घालून पाणी उकळवलं, घाव धुतला, लोंबणारं कातडं कापलं. सुई आत घातली. त्या पहिल्या टाक्याला सुभेदार हूं का चूं बोलला नाही.

मी मात्र पडलो.

म्हणजे आडवाच. जागा झालो तेव्हा दहा टाके होऊन गेले होते आणि साहेब विचारत होते, “इसको भी एक लगा दूँ क्या?” कुत्र्याचे पाय कारभारीण एकटीनं धरून बसली होती, आणि मला ओलांडूनच तिनं पाण्याचं भांडं पुढं सरकवलं होतं.

अकरावा टाका झाला. दारात वाडी गोळा झालेली. साहेब हात धुऊन म्हणाले, “तीन बातें याद रखो. एक, टांके चाटने मत देना. दो, हल्दी लगाते रहना. और तीन, सुबह-शाम इसको धूप दिखाना. सर्दी के दिन हैं, नरम-नरम धूप अच्छी होती है. आठ रोज में टांके खोलने आता हूँ.”

“मुनशी, काय म्हनले सायेब?” दहा तोंडांनी विचारलं.

मी धूळ झटकून उठलो. (पडलेल्या माणसाला मान परत मिळवायची असते.) “पयलं, चाटू द्यायचं न्हाई. दुसरं, हळद लावायची. तिसरं, रोज दोन्ही टायमाला त्येला धूप दाखवायचा.”

“धूप? कुत्र्याला?” आबा म्हणाले.

“शहरात तसंच करत्यात आता! धुरानं किडं मरत्यात घावातलं. नरम धूप पायजे म्हनले. म्हंजी गुगूळ न्हाई, ऊद!”

साहेब ‘धूप अच्छी’ म्हणाले होते, ‘अच्छा’ नाही, हे माझ्या कानाला जरा खटकलं होतं. पण मी म्हटलं, मोठ्या माणसाच्या तोंडी लिंगाचं काय घेऊन बसायचं!

“अवो,” मागून कारभारीण म्हणाली, “धूप म्हंजी…”

“तू गप बस!” मी म्हणालो. साऱ्या वाडीदेखत म्हणालो. “सरकारी भाषा हाय ती.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग वर आभाळाकडं पाहिलं आणि आत गेली.

तर लागलो सुभेदाराच्या सेवेला. चाटू नये म्हणून एका टोपलीचं बूड काढलं आणि ती त्याच्या गळ्यात अडकवली. तोंडाभोवती चहूकडून बांबूच्या काड्या उभ्या राहिल्या. अंगाला हळद फासली, ती जराशी सढळ हातानं; मुळात पांढरा कुत्रा, सोन्यासारखा पिवळा झाला. आणि सकाळी मी उठल्यावर एकदा (मी उठायचो तेव्हा ऊन चांगलं कासराभर वर आलेलं असे, आणि तोवर कारभारीण त्याला परड्यात घेऊन बसलेली असे) आणि दिवेलागणीला एकदा, धुपाटण्यात विस्तव घेऊन, वर ऊद टाकून, मी त्याच्यासमोर तीनदा ओवाळी. घरात धुपाची आरती करायची सवय; हात आपोआप गोल फिरे. घंटी मी वाजवत नव्हतो, ही शपथेवर खरी गोष्ट. घंटी आबा वाजवत.

तिसऱ्या दिवशी सांजेला शेजारची ठकूकाकू विस्तव मागायला आली. दारातच थबकली. समोर धुराचा लोट, त्यात पिवळा धमक कुत्रा, डोक्यामागं प्रभावळ, पुढं मी हात जोडल्यासारखा! काकूचे हात आपसूक जुळले.

“खंडेरायाचं कुत्रं!” ती पुटपुटली. “देवा, माजी म्हैस सकाळधरनं दिसंना. घरी यील का रं?”

सुभेदार शिंकला. आम्ही झेपावलो. तो पुन्हा शिंकला.

“दोन शिंका! म्हंजी येतीय!” काकू किंचाळली आणि पळाली. म्हैस दारात उभी होती! आता म्हैस सांज झाली की घरी येतेच. पण हे कुणी कुणाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीवर बारा माणसं, सांजेला चाळीस. ठरूनच गेलं: एक शिंक म्हणजे न्हाई, दोन म्हणजे हाय. कुणी पोरीच्या लग्नाचं विचारी, कुणी दुखऱ्या दाढेचं. एक म्हातारा तेलगावाहून पायी आला आणि आपण स्वतः अजून किती जगू म्हणून विचारू लागला. सुभेदाराला एवढ्या शिंका कुठून याव्यात? पण येणारा प्रत्येक जण पदरचा मूठभर ऊद घेऊन येई, त्यानं धूर वाढे, धुरानं शिंका वाढत, शिंकांनी माणसं वाढत! आम्ही तिघं पोटाला मिठी मारून बसलेले बघून लोकांना वाटलं, हीच इथली रीत. मग ज्याला प्रश्न विचारायचा, तोही येऊन आधी पोट धरी. एकदा मी मोजले: एका कुत्र्याला बावीस हात!

“लोकहो, ह्ये औषध हाय! सलोतरीनं सांगितलंय!” मी घसा फोडून सांगितलं.

“देवानंच बोलवलं की त्येच्या तोंडून,” ठकूकाकूनं उत्तर दिलं.

पाचव्या दिवशी एक टाका सैल झाला. कारभारणीनं तो बोटानं चाचपला. “धूर बंद करा,” म्हणाली.

“अगं, सरकारी हुकूम हाय! उद्या सायबानं इचारलं तर?”

आत जाऊन तिनं आपली पेटी खाली काढली, लुगडी त्यात घातली आणि पेटी आणून दारात ठेवली. सुभेदाराशेजारी. झाकण उघडंच ठेवलं. म्हणजे अजून एखादा टाका सुटेपर्यंत मला मुदत होती!

आणि तेवढ्यात आला भिवा वाघ्या.

भिवा म्हणजे खंडोबाचा भक्त. काखेत दिमडी, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, आवाज असा की त्यानं ‘येळकोट’ म्हटलं की कोंबड्या अंडी घालायच्या थांबत. त्याच्यामागं पोलीस पाटील. भिवानं सुभेदाराभोवती एक फेरी मारली, टोपली निरखली, हळदीचा वास घेतला.

“पाटील, गळ्यात परभावळ. अंगाला भंडारा. दोन टायमाला धूप. आजून काय, देवानं चिट्टी पाटवायची का? ह्ये त्येचंच कुत्रं हाय. चंपासष्टीला वाजतगाजत माळावरच्या देवळात न्यायचं आन देवाच्या पायापाशी सोडायचं. कायमचं.”

“कायमचं?” मी म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढं पेटीचं झाकण धाडकन् बंद झालं.

“आमी म्हनून न्हाई,” पाटील न्यायानं बोलले, “देवालाच इचारू. सुभेदारसायेब, माळावर येनार का?”

ऊद घातला. धूर चढला. सुभेदार शिंकला. एक! एकवर राहिलं तर ‘न्हाई’! मी सगळी लाज सोडून पुढं झालो आणि दोन्ही हातांनी त्याचं नाक दाबून धरलं. त्याला दुसरी शिंक येईना. मी दाबलेलंच. पण माझं तोंड त्या धुपाटण्याच्या बरोबर वर, माझे हात गुंतलेले, आणि माझ्या नाकात तो चाळीस घरचा ऊद…

“आऽऽक्छी!”

“दोन!” पाटील म्हणाले.

“पाटील, ती माजी व्हती!”

भिवानं दिमडीवर थाप मारली. “धूप दाखवनाऱ्याची बी धरत्यात.”

झालं. चंपाषष्ठी आली, आणि तो दिवस टाक्यांचा नेमका आठवा. सकाळी आमच्या दारात एक नाही, दोन गाड्या जुंपलेल्या. एक सजवलेली: झेंडूची तोरणं, बैलांच्या शिंगांना रंग, ती सुभेदाराला माळावर न्यायला. दुसरी साधी; ती कारभारणीनं निरोप धाडून दिंद्रुडहून मागवलेली. वाडी तर होतीच, आणखी चार गावची माणसं अंगणात मावत नव्हती. भिवानं भंडारा असा उधळला, की समोरचा माणूस दिसेना. मी सवयीनं धुपाटणं घेऊन उभा.

त्या पिवळ्या ढगातून एक लाल टोपी पुढं आली.

“अरे हटो! हटो! ये क्या तमाशा है?” सलोतरीसाहेब खोकत खोकत ओसरीवर चढले. त्यांनी टोपली पाहिली, हळद पाहिली, तोरणं पाहिली आणि माझ्या हातातलं धुपाटणं पाहून त्यांचे डोळे विस्फारले. “ये धुआँ कायको?”

“आपनेच बोले,” मी म्हणालो. “धूप दिखाओ.”

साहेब दोन्ही हात आभाळाकडं करून ओरडले, “धूप! अरे अक्ल के दुश्मन, धूप! वो! वो देख, वो धूप!”

साऱ्या गर्दीनं वर पाहिलं. वर मार्गशीर्षातला सूर्य होता. एकटाच.

तेव्हा मला कळलं.

“मुनशी!” पाटलांनी विचारलं. “काय म्हनत्यात सायेब?”

चार गावच्या माणसांत उर्दू समजणारा मी एक! मी जे बोलेन ते साहेबांचं बोलणं. भिवानं तर माझी वाट अर्धी मोकळीच करून ठेवली: “सूर्यनारायनाची आन घालत्यात न्हवं? न्या म्हनत्यात न्हवं?”

नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. माझं मुनशीपण राहात होतं, पारावरची उंच जागा राहात होती, चार गावांत नाव होणार होतं. मी तोंड उघडलं. आणि कारभारीण दिसली. ती माझ्याकडं बघत नव्हती. टोपलीच्या काड्यांतून हात घालून ती सुभेदाराचा कान खाजवत होती आणि सुभेदार, ज्यानं माझ्यासाठी डुकराचा सुळा पोटावर घेतला, तो डोळे मिटून तिच्या पेटीवर हनुवटी टेकून उभा होता.

“सायेब म्हनत्यात,” मी म्हणालो, आणि माझा आवाज एवढा बारीक निघाला, की मलाच ओळखू येईना, “धूप म्हंजी ऊन. उनात बसवा म्हनले व्हते. ह्यो देवबिव न्हाई. कुत्रं हाय. आन मला उर्दू येत न्हाई.”

पाटलांच्या कपाळावर हळूहळू आठ्या जमत गेल्या.

“मग बे,” ते म्हणाले, “त्यो तहसीलदाराच्या लग्नाचा कागद?”

“म्हशींना टोचून घ्या, असा व्हता.”

मी आयुष्यात खूप लोकांना हसवलं, पण तसं हसणं पुन्हा ऐकलं नाही. आधी ठकूकाकू फुटली, मग पाटील, मग चार गावं! माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसली. दिंद्रुडच्या गाडीवाल्याला तर बैलांना धरून उभं राहावं लागलं. भिवा तेवढा अजून तयार होईना. “पर शिंका…” तो म्हणत होता, तोच सुभेदार शांतपणे ओसरीवरून उतरला, सजवलेल्या गाडीपाशी गेला, तोरणाचा वास घेतला आणि चाकाशी मागचा पाय वर केला. भिवानं पिशवीचं तोंड आवळलं. “कुत्रंच हाय,” म्हणाला.

साहेबांनी टाके काढले. मी यावेळी आधीच खाली बसून घेतलं होतं. घाव पाहून साहेब चकित! “वाह! क्या सूखा है! धूप तो इसको बराबर लगी है, दोनों वक्त!”

साहेब काय म्हणतात, असं यावेळी मला कुणी विचारलं नाही.

माणसं पांगली. दोन्ही गाड्या रिकाम्या परतल्या. कारभारणीनं पेटी उचलून आत नेली. परत येऊन ती सुभेदाराच्या गळ्यातली टोपली सोडवत बसली. मी जवळ गेलो. घसा खाकरला.

“ह्येला उनात कोन बसवत व्हतं?”

“म्या. तुमी उठायच्या आदी. आन ऊन कलताना, तुमी पारावर गेल्यावर.”

“म्हंजी तुला ठावं व्हतं? धूप म्हंजी ऊन?”

“दिंद्रुडला शेजारी मुसलमानाची मणेरीन व्हती, बांगड्यावाली. तिच्यासंगं पापड वाळू घालायचे.”

आठ दिवस! आठ दिवस मी धूर ओढला, बावीस हातांत चेंगरलो, चार गावांत नाक कापून घेतलं!

“अगं मग सांगितलं कावून न्हाईस?”

तिनं टोपली ओढून काढली, त्यात अडकलेले कुत्र्याचे केस झटकले आणि ती भाकरीला उपयोगी पडते का म्हणून उजेडात धरून पाहिली.

“तुमी गप बस म्हनलात,” ती म्हणाली. “बसले.”